टचस्क्रीन घ्यावा की पिळायचं बटण? मिरज जंक्शनच्या टेबलावरचं भांडण

विश्रामबागकर | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, वर्गणी जमली आणि त्याच दिवशी भांडणही जुंपलं, म्हणून हा धागा.

नवीन लोकांसाठी थोडं मागचं सांगतो. आम्ही सांगली-मिरजेचे सहा आणि साताऱ्याचा एक असे सात जण एका मित्राच्या माडीवर मिरज जंक्शनचं मॉडेल उभं करतोय. सत्तरच्या दशकातलं मिरज, म्हणजे तिन्ही गेज, रुळांच्या तिन्ही रुंद्या, एकाच स्टेशनात नांदत होत्या तेव्हाचं: पुण्याकडची नवी ब्रॉडगेज, लोंढ्याकडची मीटरगेज आणि कुर्डुवाडी-पंढरपूरहून डुलत येणारी नॅरोगेजची बार्शी लाइट. स्केल १:८७. ब्रॉडगेजला खरं तर १९.३ मिमीचे रूळ हवेत, पण बाजारात मिळतात १६.५ चे, तेव्हा तिथे डोळेझाक केली आहे. नॅरोगेजची मात्र मजा झाली. अडीच फूट म्हणजे ७६२ मिमी, भागिले ८७, उत्तर ८.७६. एन गेज या छोट्या मॉडेलांचा ९ मिमीचा तयार रूळ जणू बार्शी लाइटसाठीच ओतलाय.

आजवर सगळं साध्या डीसीवर चाललं. कंट्रोलर मी कॉलेजात असताना बांधलेला. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, वीज कमी-जास्त करणारा तारेचा रिओस्टॅट आणि त्यावर जुन्या रेडिओचं बॅकेलाइटचं बटण. बटणावर पांढरी रेघ होती, ती अंगठ्याने घासून गेली. रेघ गेली तरी अंगठ्याला ठाऊक आहे, इंजिन कुठे हलतं आणि कुठवर पिळलं की शंटिंगला पुरतं.

पण डीसीत अख्ख्या रुळाला एकच हुकूम. दोन इंजिनं उभी असली की दोन्ही निघाली. म्हणून डीसीसीवर, म्हणजे डिजिटल पद्धतीवर, जायचं हे सातही जणांना मान्य आहे. त्यात रुळात कायम १५ व्होल्टच्या आसपास वीज असते, तिच्यातूनच आदेश जातात, आणि इंजिनातला डिकोडर आपला नंबर ऐकला तरच हलतो.

वाद पुढचा आहे. निम्मे म्हणतात, मोठी टचस्क्रीनवाली पेटी घ्या किंवा फोन-टॅबवरच गाड्या चालवा, जग तिकडेच चाललंय. मी म्हणतो, हातात मावणारं, पिळायच्या बटणाचं साधं यंत्र घ्या.

माझं कारण ऐका. गेल्या महिन्यात आम्ही फोनवरून चालवून बघितलं. माझ्या बोटाखाली डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन, मागे आठ डबे, सुरेख चाललंय. तेवढ्यात मार्केट यार्डातून हळदीच्या भावासाठी फोन आला. पडद्यावर हिरवं-लाल गोळं, खालचा स्लायडर गायब. मी कॉल कापेपर्यंत इंजिनाने सायडिंगच्या टोकाचा अडसर, म्हणजे बफर, ओलांडला आणि माडीच्या फरशीवर उडी घेतली. कपलिंग तुटलं, एका बाजूच्या पायऱ्या गेल्या. ज्याचं इंजिन त्याने मला काही म्हटलं नाही, तेच जास्त लागलं.

गाडी चालवताना डोळे गाडीवर हवेत. काचेच्या पडद्यावर बोट कुठे आहे हे बघायला मान खाली घालावीच लागते. बोला.

साताऱ्याचा_सोल्डर | सोमवार, रात्री १०:१५

सातातला साताऱ्याचा तो मीच. काका, इंजिन पडल्याचं वाईट मलाही वाटलं, पण ते फोनमुळे नाही पडलं, सेटिंग न बघितल्यामुळे पडलं. फोन आणि कंट्रोलर यांच्यात ठोका चालू ठेवायची सोय असते. ठरलेल्या वेळात फोनकडून ठोका आला नाही की इंजिन आपोआप थांबतं. आणि गाडी चालवताना फोन एरोप्लेन मोडवर टाकून फक्त वायफाय सुरू ठेवायचं, हे मी त्या दिवशी दोनदा सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा भडंग खात होता.

दुसरं. टचस्क्रीन आली म्हणजे बटण गेलं, हे कुणी सांगितलं? मार्क्लिनची सीएस३ पेटी २०१६ ची, पडदा आहे आणि बाजूला दोन गोल बटणंही आहेत. ईएसयूच्या ईकॉसमध्ये तर बटणाला आतून मोटर आहे. तुम्ही एक इंजिन सोडून दुसरं निवडलंत की त्या दुसऱ्याचा जो वेग असेल तिथे बटण स्वतःच फिरून उभं राहतं. आपल्या बॅकेलाइटला जमतं का हे?

तिसरं म्हणजे सेटिंग. साध्या हँडसेटवर दोन-तीन आकडी पडदा असतो. डिकोडरचा सीव्ही २९, म्हणजे सेटिंगचा २९ नंबरचा कप्पा, भरायचा तर वेगाच्या २८ किंवा जास्त पायऱ्यांचे २, डीसीवर चालायला ४, लांब पत्त्याचे (इंजिनाच्या नंबराचे) ३२, अशी बेरीज कागदावर करून ३८ टाका. चुकलं की इंजिन मुकं. पडद्यावर ह्याच तीन गोष्टींपुढे टिक करायची असते, बस. आपल्या डब्ल्यूडीएम-२ चा नंबर पाच आकडी, पत्ता बहुतेक यंत्रांत चार आकडी. म्हणजे शेवटचे चार आकडे घ्या आणि ते पाठ करा, अशी अकरा इंजिनं. पडद्यावर इंजिनाचा फोटो दिसतो. फोटोवर बोट ठेवलं की झालं.

नॅरोगेज_नाना | सोमवार, रात्री १०:५०

टिक केलं की झालं म्हणे. मला एकदा विचारा.

सहा वर्षांपूर्वी मी एका परदेशी कंपनीची पडद्याची पेटी मागवली होती. नाव घेत नाही. दीड वर्षं सोन्यासारखी चालली. मग उजवीकडचा पडद्याचा पट्टा बोटाला दाद देईना. नेमकं ‘परत’ आणि ‘साठवा’ त्याच पट्ट्यात. विक्रेत्याला लिहिलं तर म्हणे पेटी इकडे पाठवा. पाठवणावळ, परत येताना सीमाशुल्काची कटकट, तीन महिने. शेवटी ती कपाटावर आहे, आमच्या हिने वर दसऱ्याची पितळेची भांडी ठेवलीत.

बटण बिघडलं तर त्याच्या आतला पोटेन्शियोमीटर सांगलीत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, चहाच्या पैशात. पडदा मिळतो का? सरकारच्या लेखी आपण खेळणी खेळतो, हे विसरू नका. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के झालं, २०२३ ला ७०. एक वस्तू दोनदा मागवायची ऐपत माझी नाही.

रिटायर्ड_नॉच | मंगळवार, पहाटे ५:३०

सवयीने पहाटे जाग येते. धागा वाचला.

मी मिरजेतून बरीच वर्षं डिझेल चालवलं. डब्ल्यूडीएम-२ ला आठ नॉच, म्हणजे जोर वाढवायचे टप्पे. हँडल एकेक नॉच पुढे सरकतं तेव्हा तळव्याला खट्‌ असं कळतं. रात्री, पावसात, समोर सिग्नल शोधत असताना मी कोणत्या नॉचवर आहे ते बघायला मान कधीच खाली घातली नाही. ए-नाइनचं, म्हणजे ब्रेकचं, हँडलही तसंच, किती ओढलं ते मनगटाला कळतं. शिकाऊ असिस्टंटला आम्ही पहिल्या दिवशी हेच सांगायचो, नजर बाहेर.

आता नवी थ्री-फेज इलेक्ट्रिक इंजिनं बघा, डब्ल्यूएजी-९, डब्ल्यूएपी-७. कॅबमध्ये पडदा आहे. त्यावर बिघाडाचे संदेश येतात, आकडे दिसतात. पण ट्रॅक्शन, म्हणजे ओढ, वाढवायला अजून हँडलच आहे. कुणी काच पुसत गाडी चालवत नाही. विश्रामबागकर बरोबर बोलतात.

साताऱ्याचा_सोल्डर | मंगळवार, सकाळी ८:०५

साहेब, तुमच्यापुढे मी काय बोलणार. पण तुमच्या इंजिनामागे हजारो टन होते, आमच्या मागे आठ प्लॅस्टिकचे डबे आहेत.

आणि नाना, तुमची पेटी बंद पडली ती बंदिस्त होती म्हणून. मी महागडी पेटी घ्या म्हणतच नाही. डीसीसी-ईएक्स बघा, घरी जोडायची पेटी. आर्डुइनो मेगा नावाचं छोटं संगणकी बोर्ड, वर रुळांना वीज देणारं मोटर शील्ड, बाजूला वायफायचं छोटं बोर्ड. सगळा प्रोग्रॅम मुक्तस्रोत, फुकट. बोर्ड जळलं तर दुसरं पुण्याहून दोन दिवसांत. पडदा म्हणून घरातला जुना फोन. तुटला तर दुसरा जुना फोन. कोणत्या घरात पडलेला नाही? डीसीसीचं प्रमाण नव्वदच्या दशकात लेन्झ कंपनीच्या पद्धतीवरून अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेने ठरवलं, सगळ्यांना खुलं. कुठल्याही कंपनीचा डिकोडर चालतो. मग आदेश देणारी पेटीच तेवढी ‘साहेबाची’ कशाला?

विश्रामबागकर | मंगळवार, दुपारी २:२०

ठोक्याचं तू सांगितलंस ते मान्य, भडंगाचंही मान्य. पण जेवून उठल्यावर हिशेब केला.

इंजिन ताशी ६० किमीच्या ऐटीत चाललंय. ८७ ने भागलं तर सेकंदाला १९ सेंटिमीटर. ठोका चुकल्यावर थांबायला समजा १० सेकंद धरले, तर इंजिन १ मीटर ९० गेलं. सव्वासहा फूट. आपलं टेबल आठ फुटी. म्हणजे ते फरशीवर पोचून तुझ्या ठोक्याची वाट बघत पडणार.

दुसरा हिशेब. डिकोडरला वेगाच्या १२६ पायऱ्या आहेत. फोनवरचा स्लायडर धरू पाच सेंटिमीटर. एका पायरीला आला ०.४ मिमी. माझं बोट काचेला टेकतं तेच सेंटिमीटरभर. एका बोटाखाली पंचवीस पायऱ्या! शंटिंग करायचं, कपलिंगला कपलिंग हलकेच टेकवायचं, ते काय पंचवीस पायऱ्यांच्या उडीने?

आणि साठीनंतर बोटं कोरडी पडतात रे. काच ओळखतच नाही. हळद तपासून आलो असलो तर मग विचारूच नका, पडदा पिवळा होतो आणि बोट घसरतं.

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी ३:००

पंचवीस पायऱ्यांवर हसून हसून पोट दुखलं. आमच्या गणपतीच्या घाटाला इतक्या असतील.

अवांतर: २०१९ च्या ऑगस्टात आमचं तळघर पाण्यात गेलं, त्यात माझा बटणाचा कंट्रोलर पाच दिवस होता. पत्रा उघडून गाळ धुतला, पंधरा दिवस उन्हात ठेवला, रिओस्टॅटला सँडपेपर मारला. चालू झाला. त्याच पुरातला टॅब भंगारवाल्यानेही नाक मुरडून नेला. कुणाची बाजू घेत नाही, घडलं ते सांगितलं.

साताऱ्याचा_सोल्डर | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

काका, हिशेब चोख. पण स्लायडर वापरायलाच पाहिजे असं कुणी सांगितलं? इंजिन ड्रायव्हर नावाचं ॲप आहे, फुकट. त्यात फोनच्या कडेचं आवाजाचं बटण दाबलं की वेग कमी-जास्त होतो. एक दाब, एक ठराविक पायरी. खिशातही हात घालून चालवता येतं, पडद्याकडे बघायचं कारण नाही. आता बोला, हे बटण की पडदा?

नॅरोगेज_नाना | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

म्हणजे पडद्याचं कौतुक करता करता शेवटी बटणावरच आलास. पोरा, हा वकिलीचा धंदा आहे, सोल्डरिंगचा नव्हे.

पॅनेलवाली | मंगळवार, रात्री ९:३०

सगळे ड्रायव्हरच आहात का इथे? स्टेशन मास्तरचं कुणी विचारतच नाही.

मी पुणे-मिरज मार्गावरच्या एका स्टेशनात पॅनेलवर काम केलंय. टेबलभर रुंद पत्रा, त्यावर आख्ख्या यार्डाचा नकाशा. गाडी घ्यायची तर सिग्नलचं बटण आणि रूटचं बटण दोन्ही एकदम दाबायची. मग एकेक सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा जोड, फिरतो, पांढरे दिवे ओळीने लागतात आणि सिग्नल पडतो. आता बऱ्याच स्टेशनांत त्या पत्र्याच्या जागी संगणकाचा पडदा आहे, माउसने तेच काम होतं. सुरुवातीला मीही कुरकुरले. पण पडद्यावर सगळं यार्ड एका नजरेत दिसतं, कुठली लाइन अडली आहे ते लाल दिसतं, हे पत्र्यापेक्षा कमी नाही.

आता तुमचं मिरज. तीन गेज, तुमच्याच आधीच्या धाग्यात सत्तावीस सांधे लिहिलेत. बटणाच्या हँडसेटवरून सांधा फिरवायचा तर त्याचा नंबर टाइप करायचा. चौदा नंबर की एकेचाळीस, कोण लक्षात ठेवणार? पडद्यावर यार्डाचा नकाशा काढा, सांध्यावर बोट ठेवा, फिरला. यात डोळे पडद्यावर असले तरी चालतात, कारण मास्तरने पडद्याकडेच बघायचं असतं.

तुमचं भांडण बटण की पडदा असं नाहीच मुळी. तुम्ही एकाच माणसाला गाडीही चालवायला लावता आणि सांधेही फिरवायला लावता.

रिटायर्ड_नॉच | बुधवार, पहाटे ५:१५

बाईंचं म्हणणं बिनतोड आहे. आमचं आयुष्य यांच्यासारख्यांच्या सिग्नलवर गेलं. फक्त एक. स्टेशनाबाहेरच्या होम सिग्नलला का उभं करून ठेवलं, हे कधी सांगत नसत.

पॅनेलवाली | बुधवार, सकाळी ७:५०

तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तिथेच वाद घातला असता, साहेब 🙂

विश्रामबागकर | बुधवार, सकाळी १०:३०

बाई, सांध्यांचं मान्य. पण खोटं कशाला बोला, मला भीती वेगळीच आहे. एकदा पडदा टेबलावर आला की सगळे त्याच्याभोवती जमतात. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं. तिथे पोरं बघितलीत? नाक काचेला लावून गाडीच्या मागे डोळे फिरवतात. गेल्या वर्षी शाळेच्या प्रदर्शनात आम्ही टॅब ठेवला तर पोरं टॅबला चिकटली. गाडी मागे फिरतेय, कुणी बघत नाही. एकाने विचारलं, “काका, यात दुसरा गेम आहे का?”

साताऱ्याचा_सोल्डर | बुधवार, दुपारी १:००

आणि त्याच प्रदर्शनात एक आठवीतली मुलगी दीड तास हलली नाही, ते सोयीस्कर विसरलात. तिने टॅबवर मिरजेचा नकाशा स्वतः मांडला. नॅरोगेजचे सांधे पिवळ्या रंगात तिनेच केले. तुमच्या बॅकेलाइटच्या बटणाला तिने हात लावला का? तुम्ही लावू दिलात का?

विश्रामबागकर | बुधवार, दुपारी १:२५

नाही दिला. बरोबर आहे तुझं.

कृष्णाकाठ | बुधवार, दुपारी १:४०

हा धागा जपून ठेवा. सांगलीच्या माणसाने ‘बरोबर आहे तुझं’ म्हटल्याची लेखी नोंद आहे.

नॅरोगेज_नाना | बुधवार, रात्री ८:००

मी अजून हललेलो नाही. सांध्यांनाही मी तारा आणि स्विचच घालणार. लाकडी फळी, त्यावर रंगाने काढलेला यार्डाचा नकाशा, जिथे सांधा तिथे टॉगल स्विच. वीज आली की चालू. चार्जिंग नको, वायफाय नको, पासवर्ड नको. बार्शी लाइट १८९७ ला सुरू झाली, १९२७ ला मिरजेला पोचली, तिला कुणी अपडेट मागितला नाही.

पॅनेलवाली | बुधवार, रात्री ८:३५

नाना, सत्तावीस टॉगल स्विच म्हणजे सत्तावीस जोड्या तारा टेबलाखाली. त्यांतली एक निघाली की टेबलाखाली पाठीवर झोपून शोधणार कोण? तुमचे गुडघे तुम्हीच मागच्या धाग्यात लिहिलेत.

विश्रामबागकर | रविवार, रात्री ९:०५

आज माडीवर प्रयोग झाला, तो सांगतो.

साताऱ्याच्या पठ्ठ्याने डीसीसी-ईएक्सची जोडणी डब्यात घालून आणली. डबा कंदी पेढ्यांचा, पेढे वाटेतच संपले असावेत. रिटायर्ड नॉच साहेबही आले. त्यांना आधी फोन दिला, स्लायडरवर. साहेबांनी सवयीने नजर रुळांवर लावली, अंगठा हळूहळू उजवीकडे सरकत काचेच्या बाहेर गेला, त्यांना पत्ताच नाही. इंजिन पाचव्या पायरीवर अडकून रांगत राहिलं. मग आवाजाचं बटण. ते बरं जमलं, पण म्हणाले, बोटाला दाब कळतो, जागा कळत नाही. किती नॉच झाले ते मोजावं लागतं.

मग त्याच डब्याला एक हँडसेट जोडला, पिळायच्या बटणाचा, पोरानेच घरी बांधलेला. एवढं भांडून स्वतःच बांधून आणलाय, बघा. साहेबांनी बटण एकदा शून्यापासून शेवटपर्यंत फिरवून बघितलं, मग डोळे मिटले. खरंच मिटले. नॅरोगेजचं इंजिन आवाजावर फलाटाच्या टोकाला आणून उभं केलं. बफर दोन बोटं लांब. नाना टाळ्या वाजवत होते, मी नुसता बघत होतो.

दुसऱ्या टोकाला ती आठवीतली मुलगी टॅब घेऊन बसली होती. साहेबांनी हाक मारली, “मास्तर, मीटरगेजची तीन नंबर द्या.” तिने पडद्यावर दोन बोटं टेकवली आणि पाच सांधे टकटक करत फिरले. साहेबांनी डोळे उघडले, तिच्याकडे बघून मान डोलावली आणि पिळलं.

तर ठरलं ते असं: डबा साताऱ्याचा, गाड्यांना बटणाचे तीन हँडसेट, सांध्यांना टॅब. परदेशी पेटी नको. वर्गणीतले उरलेले पैसे नॅरोगेजच्या इंजिनांत घालायचे. मला ते लहान डिकोडर बसवायला भिंग लागेल.

नॅरोगेज_नाना | रविवार, रात्री ९:३०

माझं मत नोंदवा: टॅब विरोधात. नॅरोगेजच्या चार सांध्यांना मी टॉगल स्विच घालणार म्हणजे घालणार.

साताऱ्याचा_सोल्डर | रविवार, रात्री ९:४५

घाला. त्या चार स्विचच्या तारा मीच ओढतो, तुम्ही वर बसून सांगा. फक्त पुढच्या रविवारी ते बॅकेलाइटचं बटण आणा काका. हँडसेटवर लावलेलं प्लॅस्टिकचं माझ्याही अंगठ्याला पटत नाहीये.

विश्रामबागकर | रविवार, रात्री ९:५०

बघू. आणतो म्हटलेलं नाही.